खिशातली चिठ्ठी

एकदा एक शिष्य आपल्या निवृत्त गुरूंच्या दारी आला. गुरूंकडे रिकाम्या हाती जाऊ नये असा संकेत आहे. याच्या हातात लॅपटॉप होता आणि चेहरा पार उतरलेला.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी त्याने चित्रांचा एक पाठ तयार केला होता. चित्रावर माउसने क्लिक केले की संगणक त्याचे नाव उच्चारी. बाकी सारी चित्रे बोलत. ‘पाणी’, ‘आई’ आणि ‘दुखतंय’ ही तीन मात्र ढिम्म. आदल्या दिवशी शाळेत एका चिमुरडीने ‘पाणी’ पाच वेळा दाबले, मग हात मांडीवर ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. ते आठवून शिष्याला फार अपराधी वाटत होते.

“गुरुजी, क्लिक हरवतात. माउस बदलला, संगणक बदलला, आवाजाच्या फायली चार-चारदा तपासल्या. उद्या पुन्हा शाळेत जायचंय.”

गुरूंनी लॅपटॉपकडे पाहिलेही नाही. एका कागदावर ‘दोन कप चहा’ असे लिहून तो त्याच्या हाती दिला. “ही चिठ्ठी घे.”

शिष्याने ती आदराने घडी घालून खिशात ठेवली. गुरूंनी अंगणातल्या लिंबाच्या झाडाची कथा सुरू केली, ती अर्धा तास चालली.

“चहा काही आला नाही,” ते अखेर म्हणाले. “चिठ्ठी हरवली वाटतं?”

“नाही, माझ्या खिशात आहे. तुम्ही ‘घे’ म्हणालात. पुढे कुणाला द्यायची ते नाही सांगितलंत.”

“म्हणजे हरवली नाही. तुला मिळाली, तू जपलीसही. फक्त स्वयंपाकघरात पोचली नाही. अरे, हरवलेलं शोधत बसण्याआधी बघावं, मध्येच कुणी घेऊन ठेवलंय का. तुझ्या माउसच्या आणि चित्राच्या मध्ये कोण उभं आहे?”

शिष्याने लॅपटॉप उघडला. ती तीन चित्रे त्याची लाडकी. माउस जवळ येताच ती उजळावीत म्हणून त्याने त्यांच्यावर एक पारदर्शक थर पसरला होता. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून त्या थराच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याला लिहून दिलेल्या सूचनांमध्ये, क्लिक स्वीकारण्याचीही सोय केली होती, पण स्वीकारून काय करायचे ते लिहायचे राहूनच गेले होते. थर क्लिक घेई आणि स्वस्थ बसे. शिष्याने क्लिक पुढे पाठवणारी एक ओळ लिहिली. ‘पाणी’ बोलले.

“छान. आता ती चिठ्ठी आत देऊन ये,” गुरू म्हणाले. “माझा चहा अजून यायचाय.”

दुसऱ्या दिवशी, बऱ्याच मनधरणीनंतर, त्या मुलीने चित्र दाबले. “पाणी,” संगणक स्पष्ट बोलला. शिष्य हरखून पडद्याकडे पाहत राहिला. मुलगी मात्र पडद्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती.

क्लिक आता आपल्यापाशी येऊन थांबले आहे, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो उठला, माठाकडे गेला आणि पेला भरून घेऊन आला.