नाही म्हणणारी मध्यस्थ

फार जुन्या काळी एक राज्य होतं, आणि त्या राज्यात राजापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना नाटकाचं वेड होतं. त्याच राज्यातल्या एका आडगावी चिमा नावाची तरुण नटी राहायची. वय विशीचं, पण म्हाताऱ्या बायकांची सोंगं ती अशी वठवायची की पाहणाऱ्यांना तिच्या वयाचा विसर पडे. कमरेत जरा वाकली आणि ओठ आत ओढून घेतले की झाली ऐंशी वर्षांची.

ज्या मंडळीत ती कामं करायची, तिचा मालक एका हिवाळ्यात वारला आणि मंडळी फुटली. चिमाचा काका म्हणाला, आता सोंगं पुरे, तुझं लग्न लावून टाकू. चिमाने त्याच्याकडून वर्षभराची मुदत मागून घेतली आणि ती राजधानीला आली.

राजधानीत नाटकशाळा पुष्कळ होत्या, पण एकाही दारात तिला कुणी उभं करेना. सगळीकडून एकच उत्तर मिळे, की मध्यस्थ घेऊन ये. तिथली रीतच तशी होती. मध्यस्थ नटांच्या वतीने बोलत, त्यांना कामं मिळवून देत आणि बिदागीत वाटा घेत.

चिमा मग शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या मध्यस्थाकडे गेली. त्याच्या ओसरीवर माणसांची रीघ लागलेली असे. त्याने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझ्यासारखीच मुलगी मी शोधत होतो."

आपण म्हाताऱ्यांची कामं करतो, असं चिमा सांगू लागली, तर तो हसला. असा चेहरा असताना म्हातारी कशाला व्हायचं, असं त्याचं म्हणणं पडलं. तिला काय येतं, हे त्याने करून दाखवायलाही सांगितलं नाही. पण इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला पसंत केलं, या आनंदात चिमाच्या ते लक्षात आलं नाही.

कामं मात्र भराभर आली. कुणी राजकन्या मागितली की मध्यस्थ हो म्हणे. गाणारी मागितली, तरी हो. चिमा राजकन्या होऊन उभी राहिली, तेव्हा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही. गायला बसली, तेव्हा सूर हातचा सुटला. हे माझं काम नव्हे, असं ती सांगायची. लोकांना एवढं कळत नाही, असं म्हणून तो पुढचं काम घ्यायचा.

एकदा प्रधानाच्या घरी लग्न होतं आणि तिथे दोरावर चालणारी नटी हवी होती. मध्यस्थ हो म्हणून बसला होता. चिमाला त्याने ते वाटेत, बैलगाडीत सांगितलं. त्याचा शब्द खाली पडू नये म्हणून ती दोरावर चढली, दोन पावलं चालली आणि पडली. घोट्याचं हाड मोडलं. हाही खेळाचाच भाग असेल असं वाटून पाहुणे हसले.

पाय बरा झाल्यावर ती लंगडत त्याच्याकडे गेली. तिथे दुसरी एक मुलगी बसली होती आणि मध्यस्थ तिला तेच गोड शब्द ऐकवत होता. चिमा उंबऱ्यावरूनच मागे फिरली.

ती धर्मशाळेत उतरली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मृदंगवाल्याने तिला रंगाऱ्यांच्या आळीतल्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्याही मध्यस्थ होत्या, पण त्यांच्याकडे नट मोजकेच होते. चिमा त्यांना भेटली. बाई म्हणाल्या, तुझं काम पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मग त्या धर्मशाळेच्या अंगणात येऊन वाटसरूंमध्ये बसल्या आणि चिमाची सोंगं पाहू लागल्या. अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्यावर त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली.

"तुला काय येत नाही?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. चिमाने सगळं सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि तिची मध्यस्थी पत्करली.

आठवड्याभरातच एका सरदाराचा माणूस आला. मेजवानीत नाचायला तरुण नटी हवी होती आणि बक्षीस मोठं होतं. बाईंनी चिमाला न विचारताच त्याला नकार दिला. चिमा संतापली. धर्मशाळेतल्या एकवेळच्या जेवणावर ती दिवस काढत होती.

"मला निदान विचारायचं तरी होतं, बाई."

"तुला नाचता येतं?"

"नाही."

"मग मी तुझ्याबद्दल खरं तेच बोलले. तुला दुसरा मध्यस्थ करायचा असेल तर खुशाल कर. मी अडवणार नाही."

चिमा रात्रभर तळमळली. पहिल्या मध्यस्थाकडे गेलं तर उद्याच काम मिळेल, हे तिला माहीत होतं. पण दोरावरचं ते दुसरं पाऊल तिला आठवलं, आणि ती गेली नाही. पुढे कितीतरी दिवस कुणाचंच बोलावणं आलं नाही. काकाने दिलेली मुदत सरत आली.

मग राणीच्या नाटकशाळेच्या चालकबाई स्वतः बाईंकडे आल्या. परदेशी गेलेल्या मुलाची नदीकाठी वाट पाहत म्हातारी झालेली आई, असं नव्या नाटकातलं मुख्य काम होतं. बाईंनी चिमाचं नाव सांगितलं आणि तिला बोलावून घेतलं. समोरची विशीतली मुलगी पाहून चालकबाईंबरोबर आलेले लोक हसू दाबू लागले. हिची परीक्षा घ्यावी, असं त्यांनी सुचवलं.

चालकबाई म्हणाल्या, "या बाईंनी मला कितीदा तरी रिकाम्या हाताने परत पाठवलंय. त्या हो म्हणाल्या, की मी परीक्षा घेत नाही."

नाटकाच्या दिवशी चिमा नदीकाठी बसलेली आई झाली. होडी येते आणि तिच्यातून कुणीच उतरत नाही, त्या प्रवेशाला राणीने पदराने डोळे टिपले. त्यानंतर चिमाला काम शोधत फिरावं लागलं नाही. त्या नाटकशाळेत तिने आयुष्य काढलं. त्या नावाजलेल्या मध्यस्थाच्या शब्दावर मात्र हळूहळू कुणी विश्वास ठेवीना, आणि त्याच्याकडच्या चांगल्या नटांनाही नाटकशाळांच्या दारातूनच परत जावं लागू लागलं.

तात्पर्य : जो आपल्या वतीने नाही म्हणू शकतो, त्यालाच आपल्या वतीने हो म्हणण्याचा अधिकार द्यावा.