कोपऱ्यात उघडलेली छत्री

एकदा एक तरुण आपला पहिला संगणक स्वतःच्या हातांनी जोडायला निघाला. हिशेबाचा किंवा पत्रे लिहिण्याचा नव्हे, खेळण्याचा. त्या तरुणाचे नाव विचारू नका. सांगितले तरी तुम्ही त्या जागी आपल्याच घरातल्या कोणाचे तरी नाव घालणार, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

असा संगणक तयार विकत न घेता त्याचा एकेक भाग निवडावा आणि घरी बसून जोडावा, अशी या छंदातल्या लोकांची रीत आहे. कोणी म्हणेल, हे काय नवे खूळ? पण आपणही लग्नातले मंगळसूत्र सोनाराच्या पेढीवर ठाण मांडून घडवून घेतोच. निवडण्याचे सुख निराळे असते, आणि निवडताना लागणारा घोरही.

या तरुणाला तो घोर पुरता लागला होता. मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते आणि ते एकदाच खर्च होणार होते. त्यामुळे तो रोज मोबाइलवर जगभरच्या जाणकारांची मते ऐकत बसे. त्यातला एक जाणकार त्याचा विशेष आवडता होता. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असे आणि आत काचेच्या पेटीत त्याचा संगणक रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेला असे. सात पंखे, पाण्याने गार होणारा प्रोसेसर आणि खेळातली चित्रे पडद्यावर उमटवणारे विटेएवढे जाड ग्राफिक्स कार्ड. तरुणाने मनोमन तोच संगणक ठरवून टाकला होता. प्रश्न एवढाच उरला होता की दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कोणते घ्यावे.

आता त्याच्या घराविषयी सांगायला हवे. बाजारपेठेच्या गावात त्यांचे दुमजली घर होते. वर बिऱ्हाड आणि खाली वडिलांची पिठाची गिरणी. वडील, म्हणजे घरातले अण्णा, अबोल. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेली माणसे एक तर ओरडून बोलतात किंवा बोलणेच सोडून देतात. हे दुसऱ्या प्रकारातले होते. मुलाने संगणकाचा विषय काढला तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली, आणि त्या घरात तो होकार होता.

पण पुढे बिनसले. तरुण संध्याकाळी मोबाइलवर दूरदूरच्या मित्रांबरोबर खेळत असे, आणि नेमकी तीच दळणाची वेळ. पट्ट्याचा खडखडाट मित्रांना ऐकू जाई. हा कसला आवाज, असे त्यांनी विचारले तेव्हा याने शेजारी रस्त्याचे काम चालू असल्याचे सांगितले. गिरणी आहे, हे सांगायची त्याला लाज वाटली. आणि एक दिवस जेवताना तो वडिलांना म्हणाला की संगणक आला म्हणजे संध्याकाळी दोन तास गिरणी बंद ठेवता येईल का. वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. त्या दिवसापासून बापलेकांत कामापुरतेही बोलणे उरले नाही. जेवायला या, हा निरोपसुद्धा आईला दोन्हीकडे पोचवावा लागे. संगणक यायच्या आधीच घरात भिंत उभी राहिली होती आणि ती कशी पाडावी, हे त्या तरुणाला कळत नव्हते.

त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उमेदीच्या काळात त्यांनी स्वतः एक रेडिओ जोडला होता. तो अजून बोलत असे, मधूनमधून खाकरत असे, पण बोलत असे. तरुण त्यांचा आवडता विद्यार्थी. तो त्यांच्याकडे गेला, दोन्ही कार्डांचे गुणदोष त्याने सविस्तर मांडले आणि विचारले की यातले उत्तम कोणते.

गुरुजींनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "हा संगणक ठेवणार कुठे?"

"माझ्या खोलीत, गुरुजी. कोपऱ्यात टेबल आहे."

"तो कोपरा मला दाखव."

त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. निघताना कपाटातून तारेचा एक जुना पिवळा बल्ब काढून पिशवीत टाकला आणि खुंटीवरची काळी छत्री घेतली. आकाशात ढगाचा मागमूस नव्हता. तरुणाला वाटले, म्हातारपण.

घरी आल्यावर गुरुजी जिना चढून खोलीत गेले, कोपरा पाहिला, आणि टेबलावर छत्री उघडून ठेवून दिली. मग तो बल्ब टेबलावरच्या होल्डरमध्ये लावायला सांगितला. भर दुपारी पिवळा दिवा जळू लागला. तरुणाची आई दारात उभी होती. घरात छत्री उघडू नये, हे तिच्या अगदी ओठांवर आले होते, पण गुरुजींसमोर ते कसे बोलावे म्हणून तिने पदराशी चाळा केला. गुरुजींनी तिच्याकडे पाहून, काही अपशकुन व्हायचा असेल तर तो माझ्या नावे असू द्या, असे हसत सांगितले.

तरुणाला मात्र म्हणाले, "उद्या बाजाराचा दिवस. छत्री मिटू नकोस, दिवा मालवू नकोस, आणि दिवसभर या कोपऱ्यात बस. मी दिवेलागणीला येतो."

"आणि कार्डाचं काय, गुरुजी?"

"तेच तर चाललंय," असे म्हणून ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी तरुण कोपऱ्यात जाऊन बसला. समोर उघडी छत्री आणि जळता दिवा. बराच वेळ त्याला आपण मूर्ख ठरत आहोत असेच वाटत राहिले. मग दिवा एकदम मंदावला आणि पुन्हा उजळला. होल्डर सैल असेल म्हणून त्याने बल्ब घट्ट पिळला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याने कान दिला, तर खाली वडिलांनी खटका ओढल्याचा आवाज आला, पट्टा गरगरला आणि त्याच क्षणी वर दिव्याचे तोंड उतरले. बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकांची रीघ. दळण संपले की गिरणी थांबे, नवे आले की सुरू होई, आणि दर वेळी तो दिवा दचके. इतकी वर्षे खोलीतला पांढरा एलईडी दिवा वीज कमीजास्त झाली तरी मुकाट्याने जळत होता, त्यामुळे विजेची ही ओढाताण त्याला कधी जाणवलीच नव्हती.

दिवेलागणीला गुरुजी आले. त्यांनी छत्रीवरून एक बोट फिरवले. बोटामागे काळी रेघ उमटली, कारण बाकी सगळी छत्री पांढुरकी झाली होती. तरुण थक्क होऊन पाहत राहिला. ज्या खोलीत तो लहानाचा मोठा झाला, त्या खोलीत पीठ पडते हे त्याला त्या दिवशी कळले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आता तुम्हाला वाटेल, शिष्याचे डोळे उघडले आणि कथा संपली. डोळे उघडले खरे, पण उघडल्या डोळ्यांनी त्याने आधी चुकीचेच पाहिले. तो कडवटपणे म्हणाला, "म्हणजे ही गिरणी माझ्या संगणकाची वैरीण आहे. काचेची पेटी महिन्यात पिठानं भरेल, आणि खटका ओढला की ऐन खेळात यंत्र बंद पडेल. अण्णांना सांगून उपयोग नाही. मी आपली वेगळी खोली बघतो भाड्यानं."

खालून त्या वेळी दळणाचा आवाज येत होता. गुरुजी खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात आता शिक्षक आला होता.

"अरे, आपल्याकडे मुलगी देताना लोक नुसता मुलगा पाहत नाहीत. घर पाहतात. पाणी कुठून भरावं लागतं, चूल कशावर पेटते, घरात माणसं कशी आहेत, सगळं पाहतात. तू जगातले सगळे भाग पाहिलेस. कोणता किती वेगवान, कोणता किती तापतो, तुला तोंडपाठ आहे. ते जिथे नांदायचे ते घर तेवढं पाहायचं राहिलं. ज्याच्या दारात बर्फ पडतं त्याची निवड त्याच्या घरी बरोबरच असेल. तुझ्या दारात पीठ पडतं. उत्तम भाग असा सुटा कुठे नसतो, बाळ. या विजेवर आणि या पिठात जो टिकेल, तोच तुझ्यासाठी उत्तम."

तरुण खाली मान घालून ऐकत होता. गुरुजी अगदी हळू म्हणाले, "आणि वेगळी खोली अवश्य घे. तिथे पीठ सुटेल. अण्णाही सुटतील. दोन्ही सोडायची तयारी असेल तर कार्ड कोणतं ते मी आत्ता सांगतो."

ते उठले. तरुण छत्री झटकायला गेला, तर तशीच राहू दे म्हणाले, आणि पिठाची छत्री मिटून काखेत मारून निघून गेले. बल्ब मात्र त्यांनी तिथेच ठेवला.

त्या रात्री तरुणाने कोणाही जाणकाराचे मत ऐकले नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ झाले होते. त्याने कोऱ्या मनाने पुन्हा निवड केली. काचेची पेटी गेली, सात पंखे गेले, पाण्याने गार करण्याची सोय गेली. ग्राफिक्स कार्ड त्याने एक पायरी खालचे घेतले. त्यातून जे वाचले त्याचा आतल्या भागांना वीज पुरवणारा भक्कम पॉवर सप्लाय घेतला आणि वीज खालीवर झाली तरी सांभाळून घेणारा यूपीएस घेतला. हे दोन भाग दिसायला अगदी सुमार असतात. त्यांचे फोटो कोणी मित्रांना पाठवत नाही.

राहता राहिले पीठ. त्यासाठी तो सकाळी गिरणीत उतरला. कित्येक दिवसांनी तो आपण होऊन वडिलांसमोर उभा राहिला होता. त्याने आधी झाल्या बोलण्याची माफी मागितली, मग अडचण सांगितली. पेटीत वारा जायला हवा, पण पीठ जायला नको. वडिलांनी हात पुसले आणि चाळण्या टांगल्या होत्या तिकडे गेले. त्यांनी मैद्याच्या चाळणीला हात लावला, विचार केला, आणि तिच्या शेजारची काढली.

"मैद्याची लावलीस तर वारा कोंडेल," ते म्हणाले. "ही रव्याची घे. थोडं पीठ जाईलच. मी गिरणी झटकतो तशी तू पेटी झटकत जा."

मग त्यांनी स्वतः कात्री घेऊन चाळणीची जाळी कापून दिली. इतके बोलणे त्या घरात सणासुदीलाही होत नसे.

संगणक जोडून झाला तो दिवसही बाजाराचाच होता. संध्याकाळी तरुणाने कळ दाबली, पडदा उजळला, आणि दूरदूरचे मित्र एकेक करून खेळात जमले. खाली डबे घेऊन बायाबापड्या उभ्या होत्या. पण गिरणी सुरू होईना. तरुणाने खेळ तसाच ठेवून जिन्यातून वाकून पाहिले. वडील खटक्यावर हात ठेवून वर पाहत उभे होते. ज्या माणसाने जन्मात खटका ओढताना कोणाची परवानगी घेतली नव्हती, तो विचारत होता, "चालू करू का?"

आपल्या एका वाक्याने या माणसाला त्याच्याच गिरणीत पाहुणा करून टाकले होते, हे त्याला तेव्हा लख्ख दिसले. "विचारायचं काय त्यात, अण्णा," तो म्हणाला. "करा चालू."

खटका ओढला गेला. टेबलावरचा पिवळा बल्ब मंदावला आणि पुन्हा उजळला. पडदा मात्र जागचा हलला नाही. कानावर मित्राचा प्रश्न आला की अजून रस्त्याचे काम चालूच आहे का. तरुण म्हणाला, "रस्ता नाही रे. आमची गिरणी आहे ती."

शेवटचे दळण झाल्यावर वडील जिना चढून आले आणि खोलीच्या उंबऱ्यावर थबकले. डोक्यापासून पायांपर्यंत पिठाने माखलेले. अंग झटकावे तर पीठ उडणार, आत यावे तर सांडणार, अशा पेचात ते दारातूनच वाकून पडद्याकडे पाहू लागले. तरुणाने शेजारची खुर्ची ओढली.

"आत या, अण्णा. तुमचं पीठ हिशेबात धरूनच घेतलंय सगळं."

वडील आले आणि बसले. खुर्चीवर पीठ सांडले, तसेच राहिले.

वस्तू असो वा बेत, निवडताना दिवा त्यावर धरण्याआधी तो एकदा आपल्याच कोपऱ्यात लावून पाहावा.