जुन्या मापाची घरे

त्या प्रदेशात मधमाश्यांचे एकच पोळे होते आणि त्यात कुठलाही मध कुठल्याही घरात भरलेला असे. जांभळाच्या गोड मधाशेजारी कडुनिंबाचा कडवट मध. वरून मेणाचे झाकण सारखेच, त्यामुळे आत काय आहे ते चाखल्याशिवाय कळत नसे. कारभार तरीही सुरळीत चालला होता, म्हणजे तक्रार करायला कोणाला सवड नव्हती.

पिलांना भरवणाऱ्या दाईला मात्र याचा फार जाच होई. कडवट मध पिले थुंकून टाकत. पावसाळा तोंडावर आला होता, पुढे कितीतरी दिवस बाहेर फूल मिळणार नव्हते आणि पिलांची सगळी भिस्त साठवलेल्या मधावर होती. शेवटी दाईने राणीकडे गाऱ्हाणे नेले.

"सरकार, गोड मधाची घरं लहान करा, कडवटाची मोठी. बघताक्षणी ओळखू येतील."

राणीला कल्पना पसंत पडली. रचनाकार म्हणून एक तरतरीत माशी नेमली गेली. ती सावध होती, थेट पोळ्याला हात घालणाऱ्यांपैकी नव्हती. तिने शेजारच्या फांदीवर हुबेहूब तसेच नमुन्याचे पोळे बांधून घेतले. जुनी रांग पाडायची आणि तिच्या जागी नव्या मापाची उभी करायची, असे काम ठरले. नमुन्यावर ते इतके सफाईने झाले की बघ्या माश्यांनी पंख वाजवले.

"आणि बिघडलं तर?" राणीने विचारले.

"तर परत होतं तसं करू, सरकार. तेही करून पाहिलंय. फरक ओळखून दाखवा!"

फरक खरोखरच ओळखू येत नव्हता. नमुन्याच्या पोळ्यात मधाचा एक थेंबही नव्हता, पण हे कोणाला खटकले नाही. मध भरणे हे दुसऱ्या खात्याचे काम होते.

मग चांगला दिवस पाहून खऱ्या पोळ्याची पहिली रांग पाडली. पाडणाऱ्या माश्या मोठ्या शिस्तीच्या. पाय चिकटू लागले तरी त्यांनी ठरलेला क्रम सोडला नाही. मध बुंध्यावरून ओघळत जमिनीवर पोचला आणि खाली मुंग्यांकडे सण सुरू झाला.

दाई त्यांच्या आडवी आली. "अगं, थांबा गं! पोरांच्या तोंडचा घास चाललाय!"

शेवटची रांग पाडून झाल्यावर त्या थांबल्या.

"घाबरू नका," रचनाकार म्हणाली, "आपली परतीची सोय आहे."

सोय अगदी चोख होती. दिवस मावळायच्या आत जुन्या मापाची घरे जागच्या जागी उभी राहिली. तपासनीस माश्यांनी कोपरा न् कोपरा मोजला, केसभरही फरक नव्हता. राणीने रचनाकार माशीची पाठ थोपटली. बाहेर पाऊस लागला.

दाई एका घरात डोके घाली, बाहेर काढी, लगेच शेजारच्यात घाली. तिच्यामागे पिले आ वासून बसली होती. तिची ही लगबग तपासनीसांनी लांबूनच पाहिली आणि राणीला कळवले, "सरकार, घरांचा वापरही पूर्ववत सुरू झालाय."