नुसते ओठ

“आवाज कोण मोजतो? ओठ हलले म्हणजे झालं. तेवढं शिकव तिला.”

आचार्य सोमिल आपल्या मुलाला हे सांगत होते, तेव्हा दारामागे ताक घुसळणाऱ्या नव्या सुनेच्या, ऋषिदत्तेच्या, कानांवर ते पडले. ते तिच्यासाठी नव्हते.

ही गोष्ट वेणुवती नगरात राजा पृथुसेन राज्य करीत होता तेव्हाची. त्या जन्मी बोधिसत्त्व राजाचा अमात्य होता आणि पाठशाळांची तपासणी त्याच्याकडे होती. राजाने दवंडी पिटवली होती : ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा उशिरा समजते, अशा मुलांना कोणीही परत पाठवू नये, त्यांच्यासाठी पाठशाळेला एक जादा गुरुजी मिळेल. सोमिलांच्या पाठशाळेत कुंभाराची चंपा आली. तिला जन्मापासून ऐकू येत नसे. जादा गुरुजी बाहेरून कशाला आणायचा, म्हणून सोमिलांनी ते पद घरातच ठेवले. ते सोमदत्ताला, म्हणजे ऋषिदत्तेच्या नवऱ्याला मिळाले.

पाठशाळेत संथा चाले. आचार्य ओळ एकदा म्हणत, मुले दोनदा म्हणत. एका सुरात कोणाचा आवाज कोणता ते कळत नाही, म्हणून अमात्य मुलांचे ओठ पाही. सोमदत्ताने तेवढेच धरले. तो चंपाच्या मागे बसे. खांद्यावर एक टिचकी म्हणजे ओठ सुरू, दोन म्हणजे बंद. तीन महिन्यांत चंपा एवढेच शिकली, आणि फार चांगले शिकली.

ऋषिदत्ता पाहत होती. दुपारी घर लवंडले की ती चंपाला परसात बोलावी, धुळपाटीवर घागरीचे चित्र काढी आणि खाली ‘घागर’ लिही. चंपाचे बोट त्या अक्षरांवरून फिरे. असे वीसेक शब्द झाले, तेव्हा सासूबाईंनी पाहिले.

“सूनबाई, माप ओलांडून चार महिने झाले नाहीत, आणि निघालात घराला शहाणं करायला?”

ऋषिदत्तेने हसून मान डोलावली. धुळपाटी कोनाड्यात गेली, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा बाहेर आली.

तपासणीच्या दिवशी संथा अशी रंगली की अमात्य प्रसन्न झाला. यांतली ऐकू न येणारी मुलगी कोणती, असे त्याने विचारले. ओळखू येत नाही हेच आमच्या कष्टांचे फळ, असे सोमिल नम्रपणे म्हणाले. सोमदत्तही नमस्काराला पुढे धावला, आणि दोन टिचक्या राहून गेल्या. सगळी मुले गप्प झाली होती. एकटीचे ओठ हलतच होते.

मुले हसू लागली. “अभ्यासाची आवड,” सोमिल म्हणाले.

ताकाचे भांडे घेऊन आलेली ऋषिदत्ता ते तिथेच ठेवून परत गेली, धुळपाटी घेऊन आली आणि चंपापुढे ठेवून उभी राहिली. अमात्य खाली धुळीत बसला. त्याने भांड्याकडे बोट दाखवले. चंपाने ‘ताक’ लिहिले. अंगणाकडे दाखवले; तिने ‘गाय’ लिहिले. मग त्याने सोमदत्ताकडे दाखवले. चंपा विचारात पडली. त्याच्यासाठी तिच्याजवळ शब्द नव्हता. तिने आपल्याच खांद्यावर दोनदा टिचकी मारली.

अमात्याला सारे कळले. त्याने सतरा पाठशाळांना ‘उत्तम’ असा शेरा दिला होता, तोही असेच ओठ पाहून. त्याबद्दल राजा त्याला सेनापतीच्या बरोबरीचे आसन देणार होता. तो थेट राजाकडे गेला, आपण फसलो आणि आपल्यामुळे तुम्ही फसलात, असे सांगून त्याने ते आसन नाकारले आणि पहिल्या पाठशाळेपासून पुन्हा निघाला. सोमदत्ताचे पद त्याच दिवशी गेले.

घरी सोमिल सुनेला म्हणाले, “तोंड न उघडता नवऱ्याला पदावरून उठवलंत. ठीक. जादा गुरुजी नाही, तर ती मुलगीही उद्यापासून नाही.”

सोमदत्त जमिनीकडे पाहत होता. सासूबाई म्हणाल्या, माफी माग.

ऋषिदत्ता म्हणाली, “मामंजी, नुसते ओठ हलवणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. लग्न होऊन आल्यापासून मी या घरात तेच केलं. उद्या सकाळी चंपाची धुळपाटी मी ओसरीवर मांडीन. उचलायची असेल तर तुम्ही आपल्या हातांनी उचला, सगळ्या मुलांसमोर.”

विहारात जमलेल्या भिक्षूंना पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून भगवान शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, गाथा म्हणताना कोणी नवखा अडखळला की खाकरणारा तो ज्येष्ठ भिक्षू म्हणजे तेव्हाचा सोमिल. त्याच्याशेजारी डुलक्या घेणारा तो सोमदत्त. ज्या भिक्षुणीकडे तुम्ही अडलेल्या गाथांचा अर्थ विचारायला जाता, ती चंपा. ऋषिदत्ता कोण ते विचारू नका. ती आजही कुठल्या तरी घरात सून आहे. आणि ओठ पाहून सतरा ठिकाणी ‘उत्तम’ म्हणणारा अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, सत्याचे ते व्रत, पाळली; पण उशिरा, आणि दुसरीच्या धाडसावर.”