पाटीवरचं अर्धं वाक्य

एकदा एका गजबजलेल्या शहरात एक चिमुकली बाग तयार झाली. ती सगळ्यांना आवडली, पण तिच्यात बसायला कुणी तयार होईना.

जागा मोठी नव्हतीच. कापडबाजार आणि एस.टी. स्टँड यांच्यामध्ये, रस्तारुंदीतून उरलेला जेमतेम तीन गुंठ्यांचा तुकडा. मधोमध एक जुना करंज आणि त्याच्या बुडाशी वर्षानुवर्षांचा कचरा. कालिंदी नावाच्या एका तरुण मुलीनं नगरपालिकेच्या मागे लागून हा तुकडा मागून घेतला. उद्यानरचनेचं शिक्षण पुरं करून तिनं हाती घेतलेलं हे पहिलंच काम. आठ महिने ती तिथे राबली. रस्त्याच्या अंगाला बांबूची दाट भिंत केली, आत तगर आणि कुंद लावला, करंजाच्या सावलीत दगडी बाक मांडले, कोपऱ्यात पाण्याची बारीक धार सोडली. बाहेर हॉर्न, हमालांच्या आरोळ्या, कंडक्टरांची घाई, आणि फाटकातून चार पावलं आत आलं की हे सारं जणू दुसऱ्या गावात चाललंय असं वाटे. फाटकावर तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘येथे वेळ विसरा.’ या तीन शब्दांवर तिचा भारी जीव होता. बागेत घड्याळ ठेवायचं नाही, असा तिचा नेमच होता. कुणी मोबाइलमध्ये वेळ बघू लागला, तर ती अशी काही बघायची, की तो बिचारा ओशाळून मोबाइल खिशात घाली.

आणि तरीही कुणी बसेना. लोक येत, “वा, काय गारवा आहे!” म्हणत, बाकाच्या कडेवर टेकत, बांबूच्या फटीतून रस्त्याकडे मान उंचावून बघत, आणि दोन मिनिटांत चालू पडत. भर दुपारी, ज्या वेळी अख्खा बाजार सावली शोधत असतो, त्या वेळी कालिंदीचे बाक रिकामे!

गोष्ट एवढ्यावर थांबती, तरी एक वेळ चाललं असतं. पण बाजारातल्या व्यापाऱ्यांना त्या जागेवर दुचाकी लावायच्या होत्या. त्यांनी अर्ज केला आणि नगरपालिकेनं समिती नेमली. समितीचे अध्यक्ष फोनवर स्वच्छ बोलले, “बाई, पुढच्या बुधवारी दुपारी बघायला येतो. लोक बसत असतील तर बाग राहील. नुसती बघण्यापुरती असेल, तर झाड काढून गाड्या लावू.” झाड काढून! हातात नऊ दिवस होते.

तिला बागकाम शिकवलेले एक वृद्ध गुरुजी तासाभराच्या अंतरावरच्या खेड्यात राहत. आयुष्यभर बागा केल्या, पण झाडांपेक्षा माणसांकडे बघण्यातच त्यांचा दिवस जायचा. कालिंदीनं साकडं घातलं आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं हजर झाले.

दुपारभर ते एका बाकावर बसून राहिले. माती चाचपली नाही, पान खुडून बघितलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे तेवढे बघत होते. कालिंदीला राहवेना.

“गुरुजी, झाडं कमी पडली का?”

“झाडं झकास आहेत.”

“मग पाण्याचा आवाज जास्त होतो का?”

“पाणी गोड आहे गं. तुझ्या पाटीवरचं वाक्य मात्र अर्धं आहे.”

आता बघा, जिच्यावर जीव तिच्यावरच बोट ठेवलं. कालिंदी घुश्शातच म्हणाली, “मग पुरं करा ना तुम्ही.”

“ते काम तुझं. मला उद्या एक घड्याळ आणून दे. थोरलं, काट्यांचं, स्टँडवर असतं तसं. आणि एक लाकडी खुर्ची.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते घड्याळ फाटकासमोरच्या कुंपणभिंतीवर, कुठल्याही बाकावरून दिसेल असं टांगलं. खुर्ची फाटकाच्या आत मांडून ते तिच्यावर बसले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, “किती वाजता उठायचंय?”

कालिंदीनं कपाळाला हात लावला. ज्या बागेतून आपण वेळेचं नाव पुसलं, तिच्या दारातच म्हाताऱ्यानं वेळेची चौकी बसवली! तिला वाटलं, वयानं यांची बुद्धी फिरली असावी. पण बोलणार कोण? गुरूच ते.

पहिला सापडला शिदराम. बाजारातला हातगाडीवाला, खांद्यावर पंचा, घामानं निथळत आलेला. प्रश्न ऐकून तो हसलाच. “आजोबा, हे काय लॉज आहे होय?”

“लॉज नाही, बाग आहे. किती वाजता उठायचंय?”

“तीनला गठ्ठे भरायचेत. शेठ लई कडक आहे.”

“तीनला पाच कमी असताना सांगतो. गाडीवरही नजर ठेवतो. जा, बस निवांत.”

शिदराम बसला. सवयीनं त्यानं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मग त्यानं चपला काढल्या, पाय वर घेतले, आणि बघता बघता डोळा लागला त्याचा. त्या बागेत झोपलेलं पहिलं माणूस ते! बरोबर तीनला पाच कमी असताना गुरुजी उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “शिदराम, वेळ झाली.” तो धडपडून उठला, घड्याळ बघितलं, आणि त्याचं तोंड असं काही खुललं, की कालिंदीलाही नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघा हमालांना घेऊन आला. पलीकडच्या इस्पितळात नवऱ्याला ठेवलेली एक बाई आली. चारला डॉक्टर भेटणार होते, तोवर पाठ टेकायची होती. साड्यांच्या दुकानात काम करणारी नसीमही येऊ लागली. सकाळपासून उभ्यानं साड्या दाखवून तिचे पाय भरून आलेले असत, आणि जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. शुक्रवारी मोजून सात माणसं त्या बाकांवर विसावली होती. कालिंदी खूश झाली, पण मनातून खट्टूही होती. बाग तिनं केली आणि लोक आले ते घड्याळासाठी, हे काही तिच्या गळी उतरेना.

शनिवारी गुरुजी म्हणाले, “मी चार घास खाऊन येतो. तोवर खुर्चीवर तू बस. नसीमला पावणेतीनला दुकानात पोचायचंय, तेवढं सांभाळ.”

कालिंदी बसली. समोरच तगरीच्या एका फांदीवर तिला अळी दिसली. अरे बापरे! ती तशीच उठली, एक अळी काढली, दुसरी सापडली, मग खालची पानं उलटून बघणं आलंच. बागवान माणसाला झाडापुढे दुसरं काही सुचत नाही, ते खोटं नाही. तिनं मान वर केली, तेव्हा तीन वाजायला आले होते आणि नसीम ओढणी सावरत फाटकाबाहेर पळत होती.

त्या दिवशी नसीमला गिऱ्हाइकांदेखत बोलणी खावी लागली. रविवारी खुर्चीवर पुन्हा कालिंदीच बसली, पण नसीम आली नाही. जे आले, तेही बाकावर ताठ बसले. कोण अंग टाकतो? चुलीवर दूध ठेवल्यासारखी सगळ्यांची नजर घड्याळावर. दोघं तर पाच मिनिटांतच उठून गेले. शिदराम तेवढा तोंडावर बोलला, “ताई, रागावू नका, पण आजोबा असतील तेव्हाच झोपतो मी.”

कालिंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. “गुरुजी, एकदाच चुकले. आणि तेसुद्धा बागेचंच काम करत होते ना मी?”

गुरुजींनी तिला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, “पोरी, एस.टी.नं लांब जाताना आपण कंडक्टरला सांगून ठेवतो, आमचं गाव आलं की उठवा. तो भला माणूस असला, तर त्या खडखडाटातही आपला डोळा लागतो. आणि त्याचा भरवसा वाटला नाही, तर सीट कितीही मऊ असो, आपण खिडकीबाहेर बघत बसतो. खडखडाट दोन्हीकडे तोच. तू बाहेरचा आवाज अडवलास, फार सुंदर अडवलास. पण या लोकांना आवाज कुठे छळत होता? त्यांना आपापली वेळ छळत होती. शिदरामचे तीन, त्या बाईचे चार, नसीमचे पावणेतीन. तू म्हणालीस, विसरा. अगं, कुणाच्या भरवशावर विसरायचं? कष्टकऱ्याला वेळ विसरणं परवडत नाही. कुणी ती त्याच्यासाठी सांभाळली, तरच त्याचं मन रिकामं होतं. काल नसीमनं तिची वेळ तुझ्या हातात दिली होती. तू ती तगरीपाशी ठेवून विसरलीस.”

कालिंदीनं पाटीवरचे ते तीन शब्द पुन्हा एकदा वाचले. मग चप्पल घालून तडक साड्यांच्या दुकानात गेली आणि गादीवर बसलेल्या शेठजींसमोर सगळ्यांदेखत म्हणाली, “काल नसीमला उशीर झाला, त्यात तिचा काही दोष नाही. तिला उठवायचं मी कबूल केलं होतं आणि मीच चुकले.” शेठजी नुसतंच हूं म्हणाले. नसीमनं तिला दारापर्यंत पोचवलं. “येईन ताई,” ती म्हणाली, “पण आता माझ्या मोबाइलचा गजर लावूनच बसेन. माफ करा हं.” कालिंदीला ते लागलं, आणि ते बरोबरच आहे, हेही कळलं.

सोमवार, मंगळवार ती खुर्चीवरून हलली नाही. तगर समोर होती, तिच्यावर पानं होती, पानांवर अळ्याही असतील. तिनं मान वळवली नाही. प्रत्येकाला वेळ विचारली, प्रत्येकाला वेळेवर उठवलं. मंगळवारी शिदराम तिच्यासमोर झोपला. झोपण्याआधी एक डोळा किलकिला करून त्यानं तिची परीक्षाही घेतली, लबाडानं!

बुधवार उजाडला. दुपारी अडीचला समिती आली. तीन सभासद आणि गाड्यांच्या जागेचा नकाशा घेऊन आलेले व्यापाऱ्यांचे एक प्रतिनिधी. बाकांवर अकरा माणसं होती आणि त्यांतली निम्मी झोपलेली.

“हे काय, झोपलेत सगळे?” अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले.

“हळू, साहेब,” डोळे न उघडता शिदराम म्हणाला, “माझी अजून पंचवीस मिनिटं आहेत.”

अध्यक्षांना हसावं की रागवावं ते कळेना. ते एका बाकावर बसले. कालिंदीनं त्यांनाही विचारलं, “साहेब, आपल्याला किती वाजता निघायचंय?” ते चमकून म्हणाले, “साडेतीनला बैठक आहे. पण ते जाऊ द्या.” प्रतिनिधींनी नकाशा पसरला. चाळीस गाड्या कशा बसतात, ते ते बोटानं दाखवू लागले. सगळं ऐकून घेऊन अध्यक्ष कालिंदीकडे वळले. “बोला बाई. तुमचं काय म्हणणं? मला आजच्या आज निर्णय लिहून द्यायचाय.”

आठ महिन्यांचे कष्ट, तो करंज, सगळं या एका उत्तरावर होतं. तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं घड्याळाकडे बघितलं. पावणेतीनला पाच कमी.

“माफ करा साहेब, एक मिनिट,” ती म्हणाली, आणि अध्यक्षांना तसंच ठेवून कोपऱ्यातल्या बाकाकडे गेली. नसीम मोबाइल मुठीत धरून झोपली होती. कालिंदीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “नसीम, वेळ झाली.” नसीमनं डोळे उघडले. आधी घड्याळ बघितलं, मग ताटकळत बसलेली ती मोठी माणसं, मग कालिंदीचा घाबरा चेहरा. तेवढ्यात हातातल्या मोबाइलचा गजर वाजला. तिनं तो बंद केला. “उद्यापासून हा नको लावायला,” ती म्हणाली, आणि हसत निघून गेली.

कालिंदी परत आली. “हं साहेब, माझं म्हणणं असं...”

“राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पाठ मागे टेकली होती. “मला साडेतीनच्या बैठकीला जायचंय. इथून दहा मिनिटं लागतात. उठवाल ना?”

“सव्वातीनला उठवते.”

सव्वातीनला तिनं त्यांना उठवलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, प्रतिनिधींना म्हणाले, “गाड्यांसाठी स्टँडमागची जागा बघू,” आणि निघता निघता विचारलं, “पण बाई, रोज या खुर्चीवर बसणार कोण?”

तीनच्या आधीच उठून गेलेली हमाल मंडळी भरलेल्या हातगाड्या घेऊन फाटकावरून चालली होती. शिदराम जाता जाता वळला. “आम्ही आहोत की! पाळी लावून घेऊ.”

साडेचारला बाग रिकामी झाली. कालिंदीनं रंगाचा डबा आणि ब्रश आणला, पाटी उतरवली, आणि ‘येथे वेळ विसरा’च्या खाली एक ओळ लिहिली : ‘आम्ही लक्षात ठेवतो.’ रंग ओला होता, म्हणून तिनं पाटी करंजाला टेकवून ठेवली. गुरुजींनी ती वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि करंजाखालच्या बाकावर आडवे झाले.

“माझी पाचची एस.टी. आहे,” ते म्हणाले. “नऊ दिवस झाले, दुपारी पाठ टेकली नाही मी. चुकली तर मुक्काम पडेल हं.”

“झोपा तुम्ही,” कालिंदी म्हणाली, आणि खुर्ची घड्याळाच्या समोर ओढून बसली.

तर सज्जनहो, घरी कुणी दमून आलं, की ‘शांत हो’ असं सांगत बसू नका. किती वाजता उठायचंय, एवढंच विचारा, आणि तेवढं चुकवू नका.