साळूच्या दारातले खडे

जिथे जंगल विरळ होत जातं, त्या टेकडीच्या उतारावर एक साळू आपल्या दोन पिलांना घेऊन राहत असे. तिच्या बिळामागे खडकाला एक चीर होती आणि तिच्यातून बारा महिने ऊबदार वाफ यायची. थंडीत पिलं त्या चिरेला पाठ लावून झोपायची. धाकटं जरा नाजूक होतं, त्याला गारठा सोसत नसे.

एके दिवशी कोल्हा आला. बसला, पिलांची विचारपूस केली, मग म्हणाला, "साळूताई, एवढी वाफ तुला काय करायची? चीर मला वापरायला दे. मी वाळक्या भोपळ्यांत वाफ भरून जंगलभर पोचवीन. आठ भोपळ्यांमागे एक तुझा." साळूने मनात हिशोब केला. भोपळे बिळात ठेवता येतील, पिलांना चिरेपर्यंत जायला नको. ती हो म्हणाली. कोल्ह्याने चिरेच्या या तोंडावर मोठा दगड बसवला आणि पलीकडून आपली वाट खणली.

किती भोपळे भरले हे कळावं म्हणून कोल्हा दर पौर्णिमेला तिच्या दारात खडे टाकी, एका भोपळ्याचा एक खडा. पहिल्या पौर्णिमेला ऐंशी खडे आले, साळूला दहा भोपळे मिळाले. पुढच्या वेळी चौसष्ट, मग चाळीस. साळू प्रत्येक वेळी खडे दोनदा मोजायची, आठ-आठांचे ढीग लावायची. तिचा हिशोब कधी चुकला नाही हो. कोल्हाही कौतुक करायचा आणि वर म्हणायचा, "जमीनच आटत चालली, ताई, त्याला मी काय करू?" पलीकडे जाऊन एकदा बघावं असं तिला वाटे. दहा पावलांवर तर होतं. पण आपण जाऊन बसलो तर त्याला वाटेल, हिचा विश्वास नाही. म्हणून ती गेली नाही.

चाळीस खड्यांचे पाच भोपळे. महिन्यातून पाच रात्री ऊब. बाकीच्या रात्री साळू काटे मिटून पिलांना पोटाशी धरायची.

माघात एक चिचुंद्री तिच्याकडे आली. कोल्ह्याच्या वाटेवर तिची रोजची ये-जा होती. दारातले खडे बघून तिने विचारलं, हे कसले? साळूने सांगितलं, या महिन्याच्या भोपळ्यांचे, चाळीस. चिचुंद्रीने ते ढीग एकदा नीट पाहिले. मग म्हणाली, "अगं, चाळीस तर काल एका दिवसात गेले."

साळू तशीच पलीकडे धावली. भोपळ्यांची रांग लागली होती, माकडं उचलून नेत होती. कोल्हा जराही दचकला नाही. म्हणाला, वाटेत गळतात ते वेगळे, माकडांच्या मजुरीचे वेगळे, माझ्या बिळात लागतात ते वेगळे. जे शेवटी पोचतात त्यांचेच खडे मी टाकतो.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," साळू म्हणाली.

"तू कधी विचारलंस?" कोल्हा म्हणाला. "तू खडे मोजत होतीस. मी म्हटलं, मोजू दे बाईला."

साळूने सगळं बळ लावून आपल्या बाजूचा दगड ढकलला. चीर होती तिथेच होती, पण तिच्यातून आता काहीच येत नव्हतं. कोल्ह्याने जेवढी वाफ होती तेवढी ओढून घेतली होती. त्याच आठवड्यात धाकटं पिलू गारठलं, ते पुन्हा उठलं नाही. कोल्हा पुढच्या टेकडीवर गेला. तिथे एका घोरपडीच्या बिळामागे अशीच चीर आहे म्हणे.

खडे अजून साळूच्या दारात आहेत, आठ-आठांचे नीट लावलेले. उन्हात तापतात आणि संध्याकाळ झाली की गार पडतात.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच : जो माल नेतो त्यानेच सांगितलेला आकडा कितीही नीट मोजला तरी तो हिशोब आपला होत नाही, माल निघतो तिथे भीड सोडून पहिल्याच दिवशी जाऊन बसावं.