चार मेहुण्यांची गाडी

रंगरावअण्णांची लाल गाडी सरळ रस्त्यावर बाणासारखी जायची आणि वळण आलं की पिसाळायची!

घाटातल्या पहिल्याच वळणाला नाक आत, ढुंगण बाहेर! स्टिअरिंग हिसके मारायचं, खालून कुरकुर ऐकू यायची आणि अण्णा गॉगलसकट दारावर आपटायचे. गाडी कसली? बसायला माणसं दोन, आत शिरायचं ते रांगत! पण इंजिनाचा जोर चारी चाकांना जातो, हे अण्णा भेटेल त्याला ऐकवायचे. म्हशीला टोचायला आलेल्या डॉक्टरालासुद्धा ऐकवलं होतं.

अण्णा साखर कारखान्याचे चेअरमन. मेहुणे चार, आणि चौघांचीही टायरची दुकानं. जुने टायर झिजले तेव्हा एकाकडूनच चारही घेतले असते, तर बाकीचे तिघे रुसले असते आणि त्यांच्या बहिणीने, म्हणजे मालकीणबाईंनी, घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून अण्णांनी प्रत्येकाकडून एकेक घेतला. एक बोटभर उंच, एक बसका, एक दगडासारखा कडक आणि एक गोदामात पडून पडून तडकलेला. घराण्यात शांतता झाली, गाडीत भांडण लागलं!

पुण्याहून इंजिनियर आला. त्याने वाकून बघितलं आणि खरं तेच सांगितलं. "चार चाकांना चार तऱ्हेचे टायर. इंजिन चौघांनाही ढकलणार आणि वळणावर यांची आपसात ओढाताण होणार. चारही बदला."

"आमच्या मालाला नावं ठेवतोस?" थोरला मेहुणा गरजला. आतून मालकीणबाईंनी पातेलं आपटलं. इंजिनियर चहा न पिताच गेला. शहाणा होता म्हणायचा.

मग राग कुणावर काढायचा? घरात ड्रायव्हर होताच! म्हातारा गेनबा. अण्णांच्या वडिलांपासून या घरच्या गाड्या त्याच्या हाताखालच्या. पण या लाल गाडीला त्याने फक्त धुवायचं, चालवायचे अण्णाच.

"उद्या सकाळी मला खोट सांगायची!" अण्णा म्हणाले. "आणि नीट ऐक. गाडी मी पसंत केलीय, तिला नाव ठेवायचं नाही. चालवतो मी, माझ्या हाताला नाव ठेवायचं नाही. घाटाचं कंत्राट माझं होतं, रस्त्याला नाव ठेवायचं नाही. आणि माझ्या सासरबद्दल, त्यांच्या टायरबद्दल चकार शब्द काढलास, तर किल्ली ठेव आणि खोली खाली कर!"

गेनबा मान खाली घालून घरी आला. त्याची मुलगी सुगंधा भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकलं.

"मग उरलं काय बाबा? हॉर्न?"

"थट्टा सुचतेय तुला! उद्या डोक्यावर छप्पर नसेल!"

"जेवा तुम्ही. उद्या मी सांगते."

"तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"कळायचं काय त्यात? इंजिनियरने सांगितलंच की. आता ते अण्णांच्या तोंडातून काढायचं, एवढंच!"

सकाळी सुगंधाने घरातली बाज बंगल्यासमोर आणून ठेवली. मेहुणे नाश्त्याला आलेलेच होते. ते कधी नसायचे?

"अण्णा, खोट सांगते. पण आधी या बाजेवर बसा. तुमचे चारही मेहुणे तुम्हाला उचलून बंगल्याला एक चक्कर मारतील."

"चार जण उचलणार? मी काय मेलोय का गं?"

"जिवंतपणी उचलायला चार माणसं कुणाला मिळतात अण्णा? नशीब लागतं!"

अण्णांच्या मिश्या फुलल्या. मेहुण्यांची तर खांदा द्यायला ढकलाढकली सुरू झाली. "दाजी, पुढचा पाय माझा!" "नाही दाजी, माझा!"

शेवटी निघाली स्वारी. थोरला ताडासारखा, दुसरा डेऱ्यासारखा, तिसरा नेहमी घाईत, धाकट्याचे बूट नवे. सरळ होतं तोवर बाज कशीबशी चालली. अण्णा वरून हात हलवत होते. कोपरा आला मात्र! थोरल्याने ढांग टाकली, दुसरा लोंबकळला, तिसऱ्याने रेटलं आणि धाकटा बूट सांभाळत जागीच उभा राहिला. बाज गर्रकन फिरली, तिचा एक पाय काडकन मोडला आणि कारखान्याचे चेअरमन कर्दळीच्या चिखलात!

सुगंधा हात जोडून पुढे आली. "बाजेत खोट होती का अण्णा?"

"खोट कसली? माझ्या वडिलांनी सागवानाची करून दिलेली, तुझ्या आज्ज्याला!"

"मग बसणाऱ्याने काही केलं?"

"मी? मी मांडीसुद्धा हलवली नाही!"

"मग वाट वाईट असेल."

"खबरदार! फरशी मी स्वतः उभं राहून बसवून घेतलीय!"

"तरी पडलात. कसे काय?"

"अगं, या चार गाढवांमुळे!" अण्णा चिखलातूनच ओरडले. "एकाची उंची दुसऱ्याला नाही, एकाची चाल दुसऱ्याला नाही! सरळ आहे तोवर ठीक, वळायचं म्हटलं की चौघं चार दिशांना! असल्यांना एका बाजेखाली घालतो कोण?"

एवढं बोलून त्यांनी मिशीवरचा चिखल पुसला. त्यांची नजर हळूच लाल गाडीकडे गेली. मग चाकांकडे. मग मेहुण्यांकडे.

"मी काही बोलले नाही हं अण्णा," सुगंधा म्हणाली. "सासरबद्दल जे काही निघालं, ते तुमच्याच तोंडून!"

ओसरीवर पहिल्यांदा हसल्या त्या मालकीणबाई! पदर तोंडाशी गेला, तरी हसू आवरेना. मग अण्णांनाही फुटलं, चिखलातच गडाबडा लोळायला लागले.

"काढा रे चारही टायर!"

"दाजी, मग नवे माझ्याकडून..." चौघेही एकदम म्हणाले.

"कुणाकडूनच नाही! चारही पुण्याहून येतील, एकाच जातीचे!" अण्णांनी उठून खिशातली किल्ली गेनबाकडे फेकली. "आजपासून गाडी तू चालवायची, माझी हाडं दुखतायत. खोली कायमची तुझी. आणि पोरी, तुला गं काय हवं?"

"बाज मोडली की आमची!"

"एवढंच? शिसवी करून देतो, गादीसकट! बघ, चौघं उभेच आहेत. एकेक पाय एकेकाकडून घेऊ का?"

"नको अण्णा, पाया पडते!" सुगंधा म्हणाली. "चारही पाय एकाच सुताराकडून!"

अण्णा पुन्हा चिखलात बसले, हसून हसून!